पृच्छक

वाचकहो, गेल्या आषाढी एकादशीस अमरावतीच्या आमच्या घरी एका शब्दावरून जो वाद माजला, तो ताटातील खिचडी निवून गेली तरी मिटला नाही. आमची नात सातव्या इयत्तेत शिकते. तिच्या स्वाध्यायात ‘प्रश्न विचारणारा’ या शब्दसमूहाबद्दल एकच शब्द लिहावयाचा होता व तिने ‘पृच्छक’ असा लिहिला होता. तिची आई म्हणाली, “इतका अवघड शब्द कशाला? प्रश्नकर्ता लिही.” महाविद्यालयात जाणाऱ्या आमच्या पुतण्याने ‘चौकस’ हा शब्द पुढे केला. आमचे धाकटे बंधू एकादशीनिमित्त अकोल्याहून आले होते. त्यांस पत्रिका पाहण्याचा नाद आहे. ते म्हणाले, “दादा, हा तर आमच्या ज्योतिषातला शब्द. पत्रिका घेऊन दारी येतो तो पृच्छक. शाळेच्या वहीत त्याचे काय काम?” अखेर नातीने आम्हांस विचारले, “आजोबा, मग खरं उत्तर कोणतं?”

आम्ही म्हणालो, “पाहून सांगतो.”

हे दोन शब्द उच्चारण्यास आम्हांस फार वर्षे लागली. ती हकीकत पुढे येईलच. तूर्त शब्दाकडे वळू.

या शब्दाचे मूळ ‘प्रच्छ्’ या संस्कृत धातूत आहे. त्याचे वर्तमानकाळी रूप ‘पृच्छति’ असे होते, म्हणजे ‘प्र’चा ‘पृ’ होतो. या फेरबदलास वैयाकरण संप्रसारण म्हणतात. ‘पृष्ट’, ‘पृच्छा’ या रूपांत तो दिसतो. ‘प्रश्न’ व ‘प्रष्टा’ यांत दिसत नाही. कडक शास्त्रार्थ करू गेल्यास कर्तृवाचक रूप ‘प्रच्छक’ असे व्हावयास पाहिजे. परंतु ‘पृच्छा’ हा शब्द शेजारी असल्यामुळे, पृच्छा करणारा तो पृच्छक, असे रूप रूढ झाले. जिभेला ते सोपे वाटले आणि मराठीने तेच स्वीकारले. रूढीपुढे व्याकरणानेही कधी कधी मान तुकवावी, असे आम्ही उभा जन्म व्याकरण शिकवून आता म्हणतो.

‘प्रश्न’ या शब्दाची भावंडेही पाहण्याजोगी आहेत. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात सहा धातूंना मिळून एक ‘नङ्’ प्रत्यय सांगितला आहे. त्या प्रत्ययाने ‘यज्’पासून यज्ञ, ‘याच्’पासून याच्ञा, ‘यत्’पासून यत्न आणि ‘प्रच्छ्’पासून प्रश्न हे शब्द सिद्ध होतात. यज्ञ, याचना, यत्न आणि प्रश्न ही एका पंक्तीस बसणारी मंडळी आहेत. ही केवळ प्रत्ययाची सोय होय, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि प्रश्न विचारण्यात थोडे देणे, थोडे मागणे आणि थोडे झटणे असतेच, हे ज्याने कधी मनापासून प्रश्न विचारला असेल त्यास पटावे.

हाच धातू प्राकृतात ‘पुच्छ’ झाला आणि मराठीत ‘पुसणे’ होऊन आला. प्राकृतातील ‘च्छ’चा मराठीत पुष्कळदा ‘स’ होतो; ‘मच्छ’चा मासा आणि ‘उच्छु’चा ऊस झाला तो असाच. जुन्या मराठीत प्रश्नाचे काम ‘पुसणे’ हाच शब्द मुख्यत्वे करी. पुढे ‘विचारणे’ त्याच्या शेजारी येऊन बसला आणि हळूहळू त्याने घर आपलेसे केले. हिंदी मनुष्य ‘विचार करना’ म्हणतो तो मनाशी घोळविण्याविषयी. विचारण्यास त्याच्यापाशी ‘पूछना’ निराळा आहे. आम्ही मराठी लोक मात्र मनाशी ‘विचार’ करतो आणि दुसऱ्यास ‘विचारतो’. ज्या भाषेत विचार व विचारणे यांचे मूळ एक, तिच्या घरात विचारणाऱ्यास इतके दबकून का राहावे लागते, हे कोडे आहे. ‘विचारपूस’ या जोडशब्दात जुना शब्द व नवा शब्द गळ्यात गळा घालून नांदतात, आणि तो शब्द आपण आजाऱ्याच्या उशाशी वापरतो. आमच्या वऱ्हाडात खेड्यापाड्यांतून ‘इचारपूस’ म्हणतात. आणि ‘का म्हणून’ या अर्थी जो ‘काऊन’ शब्द आहे, त्यावाचून वऱ्हाडी मुलाचे बोलणे पुढे सरकतच नाही.

आता नातीच्या वहीकडे येऊ. प्रश्न विचारणारे सगळेच पृच्छक काय? परीक्षक प्रश्न विचारतो, पण उत्तर त्यास अगोदरच ठाऊक असते. उलटतपासणी घेणारा वकील विचारतो, पण त्यास हवे तेच उत्तर साक्षीदाराच्या तोंडून काढावयाचे असते. जाब विचारणारा वरच्या पायरीवर उभा राहून विचारतो. भोचक मनुष्य विचारतो ते ज्याच्याशी त्यास कर्तव्य नाही असे. शंकेखोर विचारतो, पण कोणत्याही उत्तराने त्याचे समाधान व्हावयाचे नसते. चौकस हा चांगला शब्द आहे, परंतु तो स्वभाव सांगतो. चौकस मनुष्य तोंडाने न विचारता नुसत्या डोळ्यांनीही पाहील. जिज्ञासू म्हणजे जाणण्याची इच्छा असलेला. पण इच्छा मनात ठेवून मुकाट बसणाराही जिज्ञासूच. प्रश्नकर्ता हा शब्द बरोबर आहे खरा, परंतु तो कोरडा आहे. विधिमंडळात प्रश्न मांडणाऱ्या सभासदास तो शोभतो.

आमच्या धाकट्या बंधूंचे म्हणणे येथे उपयोगी पडते. ज्योतिषात पृच्छक म्हणतात तो गरजेने आलेला असतो. मुलीचे लग्न जमत नाही, गेलेली वस्तू सापडत नाही, परगावच्या माणसाचा निरोप नाही. म्हणून तो येतो. ज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, त्या शास्त्राने एक मर्म बरोबर धरले आहे. प्रश्नकुंडली मांडतात ती पृच्छकाच्या जन्मवेळेवरून नव्हे, तर प्रश्न विचारला त्या वेळेवरून; म्हणजे प्रश्नालाही जन्म आहे असे मानले. आमच्या मते शब्दाचा अर्थ असा ठरतो: ज्यास स्वतःस ठाऊक नाही, ज्यास ते कळल्यावाचून चैन नाही, आणि समोरच्यास ते ठाऊक असेल अशा भरवशाने जो तोंड उघडतो, तो पृच्छक. अज्ञान, तळमळ आणि भरवसा या तिहींतून एक उणे झाले तरी माणूस दुसरा कोणी होतो, पृच्छक राहत नाही.

अशा पृच्छकांचा एक मेळावा उपनिषदांत आहे व त्यात आमच्या प्रांताचे नाव आहे, ही गोष्ट वऱ्हाडातील घरांतूनही फारशी कोणाच्या लक्षात नसते. अथर्ववेदाच्या प्रश्नोपनिषदात सहा जण हाती समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. त्यांतील दुसरा प्रश्न विचारणारा भार्गव वैदर्भी, म्हणजे नावानेच विदर्भाचा. प्राण्याच्या देहास किती देव धारण करतात, त्यांतील कोण तो प्रकाशित करतात, आणि त्या सर्वांत श्रेष्ठ कोण, असे त्याने एका दमात तीन प्रश्न विचारले. विदर्भाचा माणूस आधी सांगोपांग हिशेब मागतो, ही खोड तेव्हापासूनची दिसते! पिप्पलादांनी त्यास गोष्टीरूपाने उत्तर दिले. इंद्रियांत श्रेष्ठत्वाचा वाद लागला. प्राण उठून जाऊ लागताच, राणीमाशीबरोबर साऱ्या मधमाश्या उठाव्यात तशी सर्व इंद्रिये उठू लागली, आणि श्रेष्ठ कोण हे निराळे सांगावे लागले नाही.

या उपनिषदात आम्हांस उत्तरांइतकेच उत्तर देणाराचे वागणे शिकण्यासारखे वाटते. पिप्पलादांनी पृच्छकांस आरंभी एक वर्ष तप, ब्रह्मचर्य व श्रद्धा यांनी राहावयास सांगितले आणि मग म्हटले की, हवे ते विचारा. आम्हांस ठाऊक असेल तर सर्व सांगू. ‘ठाऊक असेल तर’ ही अट एवढ्या मोठ्या ऋषीने स्वतःवर घालून घेतली. तिसरा प्रश्न ऐकून ते कौसल्यास म्हणाले की, तू अतिप्रश्न विचारतोस; आणि असे म्हणूनही त्यांनी त्यास उत्तर दिले. बृहदारण्यकात गार्गीस अतिप्रश्नाबद्दल मस्तक गळून पडण्याचे भय घालण्यात आले, ती कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तीच गार्गी पुढे त्याच सभेत पुन्हा उभी राहिली आणि तिने आणखी दोन प्रश्न विचारले, हे सांगावयास पुष्कळ कथेकरी विसरतात.

सर्वांत मोलाचा आम्हांस सहावा पृच्छक वाटतो. सुकेशा भारद्वाजास कोसलच्या हिरण्यनाभ नामक राजपुत्राने पूर्वी एक प्रश्न विचारला होता. सुकेशाने त्यास सरळ सांगितले की, मला हे ठाऊक नाही. ठाऊक असते तर का सांगितले नसते? राजपुत्र मुकाट्याने रथात बसून निघून गेला. परंतु सुकेशाने तो प्रश्न टाकून दिला नाही. तो मनात बाळगून त्याने पिप्पलादांपर्यंत नेला आणि तेथे स्वतः पृच्छक होऊन विचारला. ज्यास उत्तर देता आले नाही, त्याने दुसऱ्याचा प्रश्न आपला करून घेतला.

मराठीच्या आरंभीही असा एक पृच्छक उभा आहे आणि तोही आमच्या अमरावती जिल्ह्यात. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे पवित्र क्षेत्र. चक्रधरस्वामींच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणाने स्वामींना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन त्यांच्या आठवणी विचारल्या, त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, आणि त्यांतून लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतील आद्य चरित्रग्रंथ म्हणून त्याची गणना होते. म्हाइंभट शास्त्रांत निपुण होता. त्याने मनात आणले असते तर पांडित्याने भरलेला एखादा संस्कृत ग्रंथ लिहिला असता. परंतु ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्यापुढे आपण नेणते आहोत हे त्याने ओळखले, म्हणून साध्या भोळ्या माणसांच्या तोंडची मराठी त्यास मिळाली व आपणांसही मिळाली. त्या ग्रंथात भक्त स्वामींना काही विचारतात तेथे ‘पुसिलें’ हेच क्रियापद पुनःपुन्हा येते. त्या रिद्धपुरास २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठाच्या कार्यास आरंभ झाला. ज्या गावी एका पंडिताने इतरांस पुसून ग्रंथ केला, तेथे भाषेचे विद्यापीठ व्हावे हे उचितच होय.

येथे कोणी म्हणेल की, गाडगेबाबा तर उत्तर ठाऊक असूनच प्रश्न विचारीत. मग ते तुमच्या व्याख्येत कोठे बसतात? आक्षेप रास्त आहे. बाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगावी झाला, त्यांचे बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गेले, आणि १९५६ साली अमरावतीजवळच त्यांनी देह ठेवला. ते शाळेत शिकले नव्हते. हाती खराटा घेऊन दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनास उभे राहावे, हा त्यांचा क्रम. त्यांच्या कीर्तनात निरूपण थोडे व प्रश्न फार. ते समुदायास विचारीत, समुदाय एकमुखाने उत्तर देई, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. कर्ज काढून सण करणे, देवापुढे मुके जनावर मारणे, शिवाशीव पाळणे या गोष्टी लोकांनी आपल्याच तोंडाने खोट्या ठरवाव्यात, अशी ती योजना होती. तेव्हा बाबा स्वतः पृच्छक नव्हते. ते ऐकणारास पृच्छक करीत. कीर्तनाहून घरी परतणारा शेतकरी वाटेने स्वतःस विचारू लागे. हे काम परीक्षकाचे नव्हे, गुरूचे.

आणि गुरूच्या नावाने आम्ही जे केले, ते आता सांगावयास हवे.

चाळीसएक वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातील शाळेवर होतो. एके दिवशी व्याकरणाचा तास चालला असता आम्ही फळा पुसला. पहिल्या बाकावरील एक कुणब्याचा मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, फळा पुसनं म्हंजे साफ करनं, आन् वाट पुसनं म्हंजे इचारनं. दोन्हीले एकच शब्द काऊन?” प्रश्न उत्तम होता. आम्ही संस्कृत शिकलो होतो. पण उत्तर त्या घटकेस आम्हांस ठाऊक नव्हते. चाळीस मुले आमच्या तोंडाकडे पाहत होती. सुकेशा भारद्वाजाची कथा आम्ही वाचलेली होती, ती त्या वेळी आठवली नाही. आम्ही म्हणालो, “आगाऊपणा पुरे. आधी शब्द शुद्ध बोलावयास शीक, मग व्याकरण विचार.” वर्ग हसला. मुलगा खाली बसला.

उत्तर आम्हांस काही वर्षांनी सापडले. फळा पुसण्याचा ‘पुसणे’ हा ‘प्रच्छ्’चा नव्हेच. तो ‘प्रोञ्छ्’ या निराळ्या धातूपासून आला. प्राकृतात त्याचे ‘पुंछ’ झाले. मराठीत येताना दोन्ही शब्द झिजत झिजत एकाच रूपास पोहोचले. हिंदीत ‘पूछना’ आणि ‘पोंछना’ आजही निरनिराळे राहिले आहेत. त्या मुलास एवढे सांगावयास पाच मिनिटे पुरली असती.

पुढे पुष्कळ वर्षांनी अकोल्याच्या स्थानकावर एका गृहस्थाने वाकून नमस्कार केला. तोच विद्यार्थी होता. आता शेती सांभाळतो. गाडीस अवकाश होता. आम्ही त्यास त्या दिवसाची आठवण दिली, क्षमा मागितली, आणि दोन्ही ‘पुसणे’ उलगडून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाला, “गुरुजी, मले तं तो सवाल याद नाही. पन त्या दिसापासून म्या वर्गात कोनाले काही इचारलं नाही, येवढं याद हाये.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने आमची पिशवी उचलून डब्यात ठेवली. गाडी मूर्तिजापूर ओलांडून गेली तरी आम्हांस दुसरे काही सुचले नाही.

म्हणून आमच्या वयाच्या मंडळींस काही निवेदन करावेसे वाटते. आपल्या एकत्र कुटुंबांत प्रश्न थोडे विचारले जात नाहीत. पण ते बहुधा वरून खाली येतात. इतका उशीर का झाला? गुण किती पडले? गॅस कोणी चालू ठेवला? ही सर्व वाक्ये प्रश्नचिन्हाने संपतात, परंतु त्यांत पृच्छा नाही, जाब आहे. खालून वर जाणाऱ्या प्रश्नास आपल्यापाशी एक ठरलेले उत्तर असते: “आपल्यात तसेच असते.” त्या एकादशीचीच गोष्ट घ्या. दोनच दिवसांपूर्वी कांदेनवमीस वांग्याचे भरीत व कांद्याची भजी यथेच्छ झाली होती. धाकट्या सूनबाईंनी सहज विचारले, “आई, चातुर्मासात वांगे का नाही खायचे?” आमची पत्नी नेहमीचे उत्तर देण्यास तोंड उघडून थांबली आणि म्हणाली, “मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही विचारायचे होते गं. सासूबाईंना विचारायचा धीर झाला नाही. मला ठाऊक नाही.” पन्नास वर्षे एक प्रश्न त्या स्वयंपाकघरात फडताळावर पडून होता! त्यावर घरात जे बोलणे झाले त्यात वैद्यकापासून पावसाळ्यातील किडीपर्यंत सर्व निघाले. निर्णय झाला नाही. पण सूनबाईंचा चेहरा खुलला, कारण त्यांस उत्तर मिळाले नाही तरी सोबत मिळाली.

सरकारी कचेऱ्यांस तरी आता कायद्याने बंधन घातले आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये माहिती मागणारास ती कशाकरिता हवी, हे सांगण्याची सक्ती करता येत नाही. सामान्यतः ३० दिवसांत, आणि कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. “तुला काय करायचे आहे?” असे ज्या देशात कचेरीतील अधिकाऱ्यास नागरिकाला म्हणता येत नाही, तेथे आजोबांनी नातवास तसे म्हणू नये, एवढीच आमची विनंती आहे. मुलांनी वाटेल तेव्हा वाटेल ते विचारावे, असे आमचे म्हणणे नाही. पिप्पलादांनीही वर्षभर थांबविलेच होते. प्रश्नास वेळ असते, रीत असते. परंतु थांबविणे वेगळे आणि बसविणे वेगळे. थांबविलेला प्रश्न पुन्हा उठतो. लाजवून खाली बसविलेला बहुधा उठत नाही.

नातीच्या स्वाध्यायाचा निकाल द्यावयाचा राहिला. रात्री कोश पाहून आम्ही तिला सांगितले की, प्रश्नकर्ता चूक नाही. पण तू लिहिलेला पृच्छक अधिक नेमका आहे, तो तसाच राहू दे. तिने वही मिटली, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आजोबा, पृच्छक म्हणजे विचारणारा. मग ज्याला विचारतात त्याला एका शब्दात काय म्हणायचं?”

आम्ही पुन्हा कोश उघडला आहे. एखाद्या वाचकास चांगला शब्द ठाऊक असल्यास त्याने अवश्य कळवावा. ती रोज सकाळी शाळेस जाताना विचारते, आणि आम्ही रोज “अजून ठाऊक नाही” असे सांगतो.